अण्णांचा सा

नौपाड्यातल्या एका जुन्या इमारतीत तळमजल्यावर माझी खोली आहे. लोक घरातल्या कॅसेट, स्पूल घेऊन येतात, मी त्या संगणकावर उतरवून देतो. लग्नं, मुंजी, कीर्तनं, आजोबांची भाषणं. गाण्याची बैठक क्वचित येते; आली की मी तिच्यावर हवा तेवढा वेळ घालवतो.

घंटाळीजवळ राहणाऱ्या एका काकूंनी अशीच एक कॅसेट दिली होती. त्यांचे वडील, अण्णा, नोकरी सांभाळून व्हायोलिन वाजवायचे, गायकी अंगाने. 1986च्या गणेशोत्सवात सोसायटीच्या मांडवात त्यांनी अर्धा तास पुरिया राग वाजवला. त्यांचं एवढंच वादन शिल्लक आहे. मी हेड साफ केलं, त्याचा कोन जुळवला, कॅसेटमधला झिजलेला पॅड बदलला आणि फाइल दिली. शनिवारी सकाळी काकू परत आल्या.

"आवाज छान आलाय," त्या म्हणाल्या, "पण अण्णा इतके घाईत कधी नसायचे."

माझा डेक सेकंदाला 4.76 सेंटीमीटर या ठरलेल्या वेगानेच चालतो, चाचणीची टेप लावून मी तो तपासतो, हे मी त्यांना सांगितलं. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं.

"असेल रे. पण शेवटी शेवटी मला ती सोहनी वाटायला लागली."

तेव्हा मात्र मी हेडफोन उचलला. पुरिया आणि सोहनीचे स्वर तेच: कोमल रिषभ, तीव्र मध्यम, पंचम नाही. पण पुरिया मंद्रात रमतो, गंधार-निषादावर रेंगाळतो, गंभीर असतो. सोहनी वरच्या सप्तकात, चंचल. अण्णांच्या जागा, त्यांचे न्यास, म्हणजे स्वरांवरचे थांबे, सगळे पुरियाचेच होते. तरी काकूंचं म्हणणं खरं होतं. जाड तारेचा आवाज बारीक झाला होता, मींड, म्हणजे एका स्वरावरून दुसऱ्यावर घसरत जाणं, पोचायच्या आत संपत होती.

मी पहिलं मिनिट ऐकलं, मग एकदम शेवटचं. पहिल्या मिनिटात सा काळी दोनच्या, म्हणजे पेटीच्या दुसऱ्या काळ्या पट्टीच्या, जरासा वर. शेवटच्या मिनिटात सरळ पांढरी तीन, म्हणजे लगतची वरची पट्टी! मधल्या अर्ध्या तासात तंबोऱ्यासकट सगळी बैठक वर सरकत गेली होती, इतकी सावकाश की सलग ऐकताना मला पत्ताच लागला नाही. बेथोवन, ब्राम्स, चायकोव्हस्की या तिघांचेही व्हायोलिन कन्चेर्टो, म्हणजे वाद्यवृंदासह व्हायोलिनच्या रचना, डी मेजरमध्ये, डी हा ठरलेला सूर आधाराला धरून आहेत. तिथे सूर रचनेच्या नावातच लिहिलेला, टेप चढली तर जाणकार लगेच पकडतो. आपल्याकडे सा जिथे धराल तिथे, राग तोच. त्यामुळे आपल्या टेपांमध्ये हा बिघाड वर्षानुवर्षं लपून राहतो. लय बदलते, भाव बदलतो आणि वेष्टनावर नाव मात्र पुरियाच.

"रेकॉर्ड कुणी केलं होतं, काकू?"

"बापूने, माझ्या धाकट्या भावाने. टेप मांडीवर घेऊन पुढेच बसला होता."

"विजेवर?"

"छे, सेलवर."

सेल उतरत गेले, तशी मोटर मंदावत गेली. रेकॉर्ड होताना टेप हळू सरकली, म्हणून आज योग्य वेगाने वाजवली की सगळं चढं आणि जलद येतं. वादन द्रुताकडे, जलद लयीकडे जात होतं आणि टेप त्यावर आपला वेग चढवत होती.

साक्षीदार टेपवरच होता. मांडवातल्या अ‍ॅम्प्लिफायरची घूं. आपली वीज 50 हर्ट्झची, तिची अ‍ॅम्प्लिफायरमधली गुणगुण दुप्पट, 100 वर येते. माझ्या फाइलमध्ये ती सुरुवातीला 101 होती आणि शेवटी 105. ती रेघ सरळ 100 वर येईल असा वेग मी जागोजागी कमी करत गेलो. दुपार त्यात गेली. आता सा पहिल्यापासून शेवटपर्यंत एकाच जागी, 314 हर्ट्झवर, राहिला.

पण मला स्वस्थता नव्हती. त्या काळी वीज नेमकी 50 वर टिकत नसे, भार वाढला की उतरायची. म्हणजे घूं मला टेप किती सरकत गेली ते सांगत होती, मूळ सूर खात्रीने सांगत नव्हती.

"अण्णा व्हायोलिन कशावर जुळवायचे?"

"आमच्या पेटीवर. काळी दोन. पेटी घरी आहे अजून."

संध्याकाळी मी त्यांच्याकडे गेलो. भाता थोडा गळका होता, पण काळी दोनचा सूर स्थिर वाजला. मोजला: 311. माझ्या दुरुस्त फाइलपेक्षा साधारण एक टक्का खाली. गणपतीतल्या त्या रात्री वीज साडेएकोणपन्नासच्या आसपास असणार. मी आणखी एक टक्का उतरवला. ज्या द्रुताच्या मला मिनिटाला 170 मात्रा मोजता येत होत्या, त्या आता 160 झाल्या. तीस मिनिटांची बैठक एकतीस मिनिटं आणि वर काही सेकंदांची झाली.

पेटीशेजारीच लॅपटॉप ठेवून ऐकवलं. काकू भिंतीला टेकून बसल्या. मंद्र निषादावरून गंधाराकडे जाणारी ती लांब मींड आली, तिला हवा तेवढा वेळ घेत, आणि काकूंचा हात आपोआप मांडीवर ठेका धरू लागला. टाळ्या झाल्यावर मी थांबवायला गेलो, कारण पहिल्या फाइलमध्ये मी तिथेच कापलं होतं. पुढे फक्त कुणाचं तरी "वा, अण्णा" आणि खोकला होता, तोही पोरगेल्या आवाजात.

"थांब," त्या म्हणाल्या. "पुढचं राहू दे."

योग्य वेगात तो आवाज पोरगेला राहिला नव्हता. मोठ्या माणसाचा होता, किंचित घोगरा.

"बापू," त्या म्हणाल्या. मग मला म्हणाल्या, "हे कापू नकोस."