उन्हाळ्याच्या तोंडावरची ग्लायडर स्पर्धा आणि १२० मीटरचं छप्पर

मार्चचा शेवटचा रविवार, फार तर एप्रिलचा पहिला. त्यानंतर विदर्भात ग्लायडर, म्हणजे जमिनीवरून रेडिओनं चालवायचं, हवेवर तरंगणारं मॉडेल विमान, उडवण्यात अर्थ नाही. माणूस उन्हानं करपतो आणि मॉडेल वाऱ्यानं. म्हणून सोयाबीन निघाल्यावर ऑक्टोबरात सुरू झालेला हंगाम इथे संपतो आणि त्याची शेवटची स्पर्धा चण्याच्या रिकाम्या वावरात होते.

बघ्यांना वाटतं, जो जास्त वेळ वर राहील तो जिंकेल. नोव्हेंबरात तसं असतं. मार्चअखेरीस साडेदहानंतर तापलेल्या काळ्या मातीवर दोन मीटरचं हलकं मॉडेल जवळजवळ आपोआप वर राहतं. अडचण उलटी असते: त्याला १२० मीटरच्या खाली कसं ठेवायचं आणि बरोबर सहा मिनिटं पूर्ण होताना, उतरण्याची खूण म्हणून ठोकलेल्या खिळ्याजवळ कसं उतरवायचं.

१२० मीटर कुठून आले? ड्रोन नियम २०२१ प्रमाणे नकाशावरच्या हिरव्या क्षेत्रात ४०० फूट, म्हणजे १२० मीटरपर्यंत आगाऊ परवानगी लागत नाही. चालू विमानतळाच्या हद्दीपासून ८ ते १२ किलोमीटरच्या पट्ट्यात हीच मर्यादा २०० फुटांवर येते. डिजिटल स्काय या सरकारी ड्रोन संकेतस्थळाचा नकाशा स्पर्धा ठरवताना बघाच, पण त्या दिवशी सकाळी पुन्हा बघा, कारण तो बदलतो. एफ५जे हा मोटर लावलेल्या ग्लायडरचा आंतरराष्ट्रीय प्रकार जशाच्या तसा इथे आणता येत नाही तो यामुळेच. त्यात ३० सेकंदांपर्यंत मोटर चालते, २०० मीटरपर्यंत दर मीटरला अर्धा गुण आणि त्यावर दर मीटरला ३ गुण कापतात. सगळा हिशेबच २०० मीटरभोवती फिरतो. गावाकडच्या क्लबला त्यापेक्षा बिनमोटरचा एफ३एल प्रकार बरा पडतो: दोन मीटरपर्यंत पंख, बांधणी मुख्यतः लाकडाची, हाताशी फक्त रडर (डावं-उजवं वळवायला), एलिव्हेटर (नाक वर-खाली करायला) आणि स्पॉयलर (पंखावरची उघडून खाली उतरवणारी पाती). १५ मीटर रबर आणि १०० मीटर दोरीच्या बंजीनं, म्हणजे गलोलीसारखं ताणून, लॉन्च; ९ मिनिटांच्या खिडकीत, म्हणजे ठरवून दिलेल्या वेळात, ६ मिनिटांचं उड्डाण. बंजीवरून मॉडेल साधारण ८० ते १०० मीटरवर सुटतं, म्हणजे सुरुवात तरी छपराखाली होते.

जागा चार एकर लागते. २०० मीटर लांब, ८० मीटर रुंद, लांब बाजू वाऱ्याच्या दिशेनं. चण्याचं वावर सगळ्यात चांगलं, कारण त्याचे खुंट छोटे आणि ठिसूळ असतात. तुरीचं वावर कितीही मोकळं दिसलं तरी घेऊ नका. विळ्यानं तिरपे कापलेले खुंट भाल्यासारखे उभे असतात. पंखावर ताणलेलं पातळ कव्हरिंग फाडून थेट आतल्या रिबपर्यंत (फासळीपर्यंत) जातात. पऱ्हाटी मुळासकट उपटली असेल तर कपाशीचं वावर चालतं. काळ्या जमिनीला मार्चात पडलेल्या भेगा हा वेगळाच त्रास. मॉडेलचं नाक भेगेत अडकलं की पुढचा भाग जागीच थांबतो, शेपूट पुढे यायला बघते आणि टेल बूम, म्हणजे शेपटीचा दांडा, पंखाच्या मागे चार बोटांवर तुटतो. त्यावर उपाय वखराचा. उतरण्याच्या जागेवर आदल्या दिवशी दोन आडव्या-उभ्या पाळ्या घातल्या की भेगा वरून बुजतात आणि माती भुसभुशीत होते. पाणी मारू नका. ओली काळी माती सर्व्होच्या (रडर-एलिव्हेटर हलवणाऱ्या छोट्या यंत्राच्या) फटीत बसली की वाळून सिमेंट होते.

धुऱ्यावरून ११ केव्हीची लाईन जात असेल तर ते वावर सोडा. कार्बनचा बूम वीज वाहून नेतो आणि तारेवर अडकलेलं मॉडेल बांबूनं काढायचा मोह कोणाला तरी होतोच. रोही आणि डुकरांसाठी लावलेलं झटका मशीन त्या दिवसापुरतं बंद ठेवायला मालकाला सांगा. बंजीची दोरी त्या तारेवर हमखास पडते.

आता बंजी. रबराचं टोक जिला बांधायचं ती पहार किमान दीड फूट आत गेली पाहिजे, आणि तीही दोरीच्या उलट दिशेला कललेली. सकाळी घट्ट वाटणारी पहार भेगाळलेल्या जमिनीत दहा-बारा लॉन्चनंतर हलायला लागते. ती उपसली तर ताणलेलं रबर तिला थेट लॉन्च करणाऱ्याकडे फेकतं. म्हणून मागे मीटरभरावर दुसरी पहार ठोकून पहिली तिला दोरानं बांधायची, आणि प्रत्येक फेरीआधी पायानं दाबून बघायची. ताण अंदाजानं नको, स्प्रिंगकाट्यावर बघा: मॉडेलच्या वजनाच्या तीन ते चार पट, म्हणजे ५०० ग्रॅमच्या मॉडेलला दीड ते दोन किलो. दुपारकडे वारा वाढला की कमी ताण पुरतो. टो हुक, म्हणजे दोरी अडकवायचा आकडा, गुरुत्वमध्याच्या पुढे ८-१० मिलिमीटर. त्याहून मागे नेला तर चढ उभा मिळतो, पण मॉडेल दोरीवर डावं-उजवं पळतं आणि शेजारच्या बंजीत जातं. दोन बंजींमध्ये १५ मीटर सोडा.

१६ जण असतील तर चौघांचे चार गट. तयारीला २ मिनिटं, ९ मिनिटांची खिडकी, मोजणी आणि मॉडेल गोळा करायला ४. एका गटाची १५ मिनिटं, एका फेरीचा तास. सकाळी आठला सुरू केलं तर साडेबारापर्यंत चार फेऱ्या आरामात होतात. पाचवीच्या भानगडीत पडू नये.

गुणांसाठी ही पद्धत सोपी पडते. सेकंदाला १ गुण, जास्तीत जास्त ३६०; सहा मिनिटांवर गेलेल्या प्रत्येक सेकंदाला १ वजा. उतरण्याचे १०० गुण, खिळ्यापासून मॉडेलच्या नाकापर्यंत दर १० सेंटिमीटरला १ कमी, म्हणजे १० मीटरवर शून्य. मग गटातल्या पहिल्याला १००० आणि बाकीच्यांना त्या प्रमाणात. पहिल्याचे ४५२ आणि दुसऱ्याचे ४३१ असतील तर दुसऱ्याला ९५४. ही गटवार गणिताची कटकट टाळावीशी वाटते, पण टाळू नका. सकाळी आठची हवा आणि साडेअकराची हवा हे दोन वेगळे प्रदेश आहेत. आठला हवा मेलेली असते. ९० मीटरवरून सेकंदाला ४५ सेंटिमीटर खाली येणारं मॉडेल २०० सेकंदांत जमिनीवर. त्या फेरीत साडेचार मिनिटं काढणाऱ्यानं खरी करामत केलेली असते आणि त्याला १००० मिळायलाच हवेत.

छपराचा नियम कागदावर ठेवून भागत नाही. प्रत्येक मॉडेलमध्ये उंची नोंदवणारा छोटा लॉगर हवा, रेडिओवर उंची बोलून सांगणारा असेल तर उत्तम. १२० ओलांडले तर त्या फेरीचे शून्य. इथे एक चूक हमखास होते: लॉगर सकाळी एकदाच शून्यावर आणतात. लॉगर उंची मोजत नाही, हवेचा दाब मोजतो. आपल्याकडे हा दाब सकाळी दहाच्या सुमारास सर्वाधिक असतो आणि दुपारी चारपर्यंत ३-४ हेक्टोपास्कलनं उतरतो. मार्चच्या उन्हात एक हेक्टोपास्कल म्हणजे साधारण ९ मीटर. सकाळी शून्य केलेला लॉगर दुपारी जमिनीवरच पंधरा-वीस मीटर दाखवू शकतो. मग वाद, मग चहा थंड. प्रत्येक लॉन्चआधी, मॉडेल जमिनीवर असताना शून्य करा. लॉगर कॅनोपीखाली (नाकावरच्या झाकणाखाली) उन्हात भाजत असेल तर त्यावर पांढरा कागद चिकटवा.

गजर १२० वर लावू नका, ९० वर लावा. थर्मल, म्हणजे तापलेल्या जमिनीवरून उठणारी हवा, सेकंदाला ३ मीटरनं वर नेत असेल तर ९० ते १२० मध्ये फक्त १० सेकंद हातात असतात. नवखा पायलट स्पॉयलर पूर्ण उघडतो आणि तिथेच घिरट्या घालत बसतो. स्पॉयलरनं मॉडेल ३ मीटरनं बुडत असेल आणि हवा ३ मीटरनं चढत असेल तर ते जागीच लटकतं. मग घाबरून नाक खाली घालतो, वेग वाढतो, पंख फडफडतो आणि बाल्साचा स्पार, म्हणजे पंखातला हलक्या लाकडाचा मुख्य दांडा, मधोमध मोडतो. उतरायचं ते थर्मलमधून बाहेर पडून. वाऱ्याला आडवं सरळ उडा, स्पॉयलर अर्धे. थर्मलच्या कडेला खाली येणारी हवा असतेच, ती उरलेलं काम करते. वाऱ्याबरोबर मात्र पळू नका. हिशेब करा: मॉडेलचा वेग ८ मीटर, समोरचा वारा ५, उरले ३. तीनशे मीटर परत यायला १०० सेकंद लागतात आणि सेकंदाला ६० सेंटिमीटर बुडत ६० मीटर जातात. शेजारच्या तुरीत उतरलेली बहुतेक मॉडेलं याच गणितात सापडतात. वारा ४ मीटरवर गेला की गुरुत्वमध्यावर १०० ग्रॅम बॅलास्ट (जादा वजन) टाका.

लिफ्ट, म्हणजे वर नेणारी हवा, शोधायला घारीवर भरवसा ठेवा, पण कुठल्या ते बघून. पंख न हलवता गोल फिरणारी घार म्हणजे थर्मल. एका जागी फडफडत लटकलेली कापशी घार उंदीर शोधत असते. तिच्याखाली गेलात तर तुम्हीही जमीनच शोधाल. या दिवसांत काटेसावरीची बोंडं फुटतात. तिचा कापूस आडवा वाहत असेल तर हवा सपाट, वर चढत दिसला तर तिकडे वळा. टिनाची छपरं, डांबरी रस्ता, वखरलेलं रिकामं वावर इथून हवा उठते. ओलिताचा गहू आणि संत्र्याच्या बागेवर बुडते. वावटळ दिसली की तिच्या जवळपास ३० मीटरखाली जायचं नाही. जमिनीवरची मॉडेलं ती उलटवते, म्हणून पंखावर ओल्या वाळूची पिशवी ठेवा. ढेकूळ नको, कव्हरिंगला भोक पडतं.

शेवटचं एक मिनिट सगळ्यात महत्त्वाचं. मदतनीस सेकंद मोजत असतो, पायलटची नजर मॉडेलवरून हलत नाही. ५ मिनिटं १५ सेकंदांना मॉडेल ४० मीटरवर, आपल्या बाजूला हवं. खिळ्याजवळ रोवलेल्या काडीला फूटभर लोकरीचा धागा बांधा. थर्मल शेजारून गेला की खालचा वारा ९० अंशांनी फिरतो आणि धागा ते आधी सांगतो. वखरलेली काळी माती स्वतःच तापून हवा सोडते, त्यामुळे १५ मीटरवर येईपर्यंत बेतशीर वाटणारं मॉडेल खिळ्यावर येऊन तरंगत पुढे निघून जातं. म्हणून अंतिम उतार स्पॉयलर बंद ठेवून करायचा नाही. थोडं उंचावरून, स्पॉयलर अर्धे उघडून या. हवा वर उचलू लागली तर पूर्ण उघडा, बुडवू लागली तर बंद करा. स्पॉयलर उघडताना नाक वर जातं की खाली, हे आदल्या आठवड्यात ५० मीटरवर तपासून स्पॉयलरबरोबर एलिव्हेटर आपोआप हलवणारं मिक्स २-३ मिलिमीटर बसवून ठेवा. खिळ्यावर ते शिकता येत नाही.

फेऱ्यांच्या मध्ये पंख गाडीत ठेवू नका. बंद गाडीत गडद रंगाचं कव्हरिंग सैल पडतं आणि पंखाला पीळ बसतो. मग मॉडेल बंजीवर एका बाजूला का ओढतं, हे कोणालाच कळत नाही. निंबाखाली, चंदेरी पिशवीत ठेवा. लायपो बॅटऱ्याही तिथेच, आणि गरम असताना चार्ज नाही.

साडेबाराला शेवटचं मॉडेल खाली. लायपो सेलला ३.८ व्होल्टवर आणून ठेवायचे. रबर पाण्यानं पुसून सावलीत वाळवायचं, टाल्कम लावून डब्यात बंद करायचं. पुन्हा ते ऑक्टोबरातच निघेल. पंख पावसाळाभर सपाट फळीवर, भिंतीला टेकवून नाही. आणि वावर सोडण्याआधी पहारींची सगळी भोकं माती ठोकून बुजवा, त्यात बैलाचा पाय जातो.