पिट्सबर्गची घटमांडणी

बाबा सहा महिन्यांसाठी आले होते आणि मुलाच्या घरी येऊन पिट्सबर्गच्या बालाजीला गेलो नाही असं गावात सांगायची त्यांची तयारी नव्हती. त्यामुळे एप्रिल २०२५ मधल्या एका शुक्रवारी रजा टाकली आणि कोलंबसहून निघालो, तीन तासांचा ड्राइव्ह. पेन हिल्सच्या टेकडीवरचं ते देऊळ सत्तरच्या दशकातलं, अमेरिकेतल्या सगळ्यात जुन्या देवळांपैकी एक. दर्शन झालं, खाली कॅन्टीनमध्ये चिंचेचा भात आणि दहीभात झाला, बाबा खूश. मग मी हळूच सांगितलं की संध्याकाळची बेसबॉलची तिकिटं काढलीत. बाबा म्हणाले, "देव झाला, आता हे काय?" पण आले.

गाडी डाउनटाउनला लावून नदी चालत ओलांडायची, हे पिट्सबर्गला गेलात तर चुकवू नका. मॅचच्या दिवशी रोबेर्तो क्लेमेंते पूल गाड्यांना बंद असतो, अख्खा पिवळा पूल माणसांनी भरलेला, पोरं खांद्यावर, पाठीवर २१ नंबरचे शर्ट. हा क्लेमेंते म्हणजे इथल्या पायरेट्स टीमचा जुना बेसबॉलपटू, नंबर २१, इथला देवमाणूस. करिअरमध्ये बरोबर ३००० हिट्स, आणि ३१ डिसेंबर १९७२ ला निकाराग्वाच्या भूकंपग्रस्तांसाठी मदत घेऊन निघालेलं त्याचं विमान समुद्रात कोसळलं. पायरेट्सचं मैदान म्हणजे पीएनसी पार्क, त्याच्या उजव्या बाजूची भिंतसुद्धा २१ फूट उंच आहे, क्लेमेंतेच्या नंबरावरून. बाबांनी पुतळ्यासमोर चप्पल काढली नाही एवढंच, हात मात्र जोडले.

आमच्या सीट्स वरच्या मजल्यावर, तिसऱ्या बेसच्या बाजूला. समोर मैदान, मागे नदी, त्यामागे उंच इमारतींवर उतरतं ऊन. मला विचाराल तर मॅच नाही पाहिली तरी तिकीट वसूल.

शेजारी एक आजोबा बसलेले, सोबत विशीतली नात. आजोबांच्या मांडीवर स्कोअरकार्ड आणि कानामागे पेन्सिल. नात मला पाच मिनिटांत सगळं समजावून मोकळी झाली: सीझन १६२ मॅचेसचा, अर्ध्या म्हणजे ८१, तीस टीममधल्या बारा पुढे जातात, आणि यंदा पायरेट्स ८८ जिंकणार. का, तर पॉल स्कीन्स. दाढी नाही पण मिशी आहे असा उंचापुरा पोरगा, ताशी १६० किलोमीटरच्या आसपास बॉल टाकतो, २०२४ मध्ये आला आणि पहिल्याच वर्षी रूकी ऑफ द इयर, म्हणजे वर्षातला सर्वोत्तम नवखा खेळाडू, झाला. आजोबा पेन्सिल न उचलता म्हणाले, "तो पाच दिवसांतून एकदा टाकतो. उरलेले चार दिवस काय करायचं?" त्या दिवशीही त्याचा नंबर नव्हता.

आजोबांचा अंदाज ७६. २०२३ ला ७६ जिंकल्या, २०२४ ला पण ७६, म्हणून तिसऱ्यांदा ७६. हे ऐकून पुढच्या रांगेतला एक जाडसर माणूस वळला आणि म्हणाला ८१ च्या वर एक जरी गेली तरी मी डोकं भादरून घेईन, आणि मालकाच्या नावाने काहीतरी पुटपुटला. मालक पैसे सोडत नाही ही इथली राष्ट्रीय तक्रार आहे, 'टीम विका' अशा आरोळ्या मैदानातच ऐकू येतात. त्यांचंही बरोबर आहे हो. १९७९ नंतर वर्ल्ड सिरीज, म्हणजे इथली फायनल, जिंकलेली नाही. १९९२ ला फायनलच्या दारातून शेवटच्या बॉलवर परत आले, स्टार खेळाडू बॅरी बाँड्स टीम सोडून गेला, आणि पुढे सलग वीस सीझन, वीस, हरलेल्या मॅचेस जिंकलेल्यांपेक्षा जास्त. नातीच्या जन्मापासून शाळेत जाईपर्यंत टीम फक्त हरतच होती, आणि तीच पोरगी ८८ म्हणते!

बाबांना मी हे सगळं मराठीत सांगत होतो. ते म्हणाले, "हे तर भेंडवळ झालं." म्हणजे बुलढाण्याची घटमांडणी, अक्षय्य तृतीयेला शेतात घट मांडायचा, भोवती धान्य, करंजी, पापड, आणि दुसऱ्या दिवशी पहाटे बघून सांगायचं की पाऊस कसा, पीक कसं. तीन दिवसांपूर्वीच हवामान खात्याचा अंदाज आला होता, सरासरीच्या १०५ टक्के, तेव्हापासून बाबा फोनवर गावाकडे तोच विषय लावून बसले होते. नेमकी तेवढ्यात मैदानावर पिरोगींची शर्यत सुरू झाली. पिरोगी म्हणजे बटाटा-चीजचं सारण भरून उकडलेली करंजी, पोलंडहून आलेल्या लोकांनी इथे आणलेली, आणि तिचे वेष घातलेली माणसं गवताच्या कडेने जीव खाऊन धावतात. बाबा म्हणाले, "बघ, करंजी पण आली."

मग बाबांचं लक्ष स्कोअरकार्डावर गेलं. आजोबांनी एका चौकोनात के लिहिला, पुढच्यात उलटा के, आरशात दिसल्यासारखा. बाबांनी खुणेने विचारलं उलटा का. तर बॅट फिरवून आउट झाला की सरळ के, नुसता बघत उभा राहून आउट झाला की उलटा. बाबा एकदम सरसावले. तालुक्याच्या क्रिकेट स्पर्धांना त्यांनी पंचवीस वर्षं स्कोअर लिहिलाय. त्यांनी पेन्सिल मागून घेतली, कार्डाच्या कोपऱ्यात सहा टिंबं काढली आणि जोडून त्यांचा एम केला, मेडन ओव्हर. मग त्यातच विकेट पडली तर डब्ल्यू. आजोबांनी ते चष्मा वर करून पाहिलं आणि नातीला दाखवलं. बाबांचं इंग्लिश बेताचं, आजोबांचं ऐकायला बेताचं, माझं भाषांतराचं काम त्यानंतर जवळजवळ संपलंच.

आजोबांनी बाबांना अंदाज विचारला. बाबांनी कार्डाच्या मागे ७६ आणि ८८ च्या खाली देवनागरीत लिहिलं, ८३. का? तर १९८३, लॉर्ड्स, कपिल. आपल्याला कोण विचारत होतं तेव्हा, समोर वेस्ट इंडीज, १८३ ऑल आउट आणि तरी जिंकलो. हे मला सांगावं लागलं. आजोबा मान हलवत राहिले आणि मग त्यांनी त्यांचं सांगितलं: १९६०, वर्ल्ड सिरीजची सातवी, शेवटची मॅच, समोर न्यूयॉर्कचे यांकीज. त्या सिरीजमध्ये यांकीजनी ५५ रन केल्या, पायरेट्सनी २७, आणि तरी शेवटच्या डावात मॅझेरोस्कीचा होमरन आणि कप पिट्सबर्गचा. आजोबा तेव्हा बारा वर्षांचे. मास्तरांनी वर्गात रेडिओ लावू दिला होता. त्या जुन्या मैदानाची भिंत पिट्सबर्गच्याच ओकलंड भागात अजून उभी आहे आणि दर १३ ऑक्टोबरला लोक तिथे जमून ती मॅच रेडिओवर परत ऐकतात, निकाल माहीत असताना! तिथे मात्र आजोबांना ७६ वगैरे आठवत नसणार.

सातव्या इनिंगला सगळे उठून हातपाय मोकळे करतात, आम्ही उठलो ते निघालोच. नदीवरून गार वारा सुटला होता आणि बाबांची शाल गाडीत.

पुढे स्कीन्सला साय यंग, म्हणजे सर्वोत्तम बॉल टाकणाऱ्याचं बक्षीस, मिळालं, पण त्याचा स्वतःचा हिशोब बघा, दहा जिंकल्या दहा हरल्या, आणि ईआरए १.९७. म्हणजे हा नऊ इनिंगमागे दोनसुद्धा रन देत नाही आणि टीमला तेवढ्याही काढता येत नाहीत. सप्टेंबरच्या शेवटी सीझन संपला तेव्हा बाबा गावी परत गेलेले. मी फोन करून सांगितलं, ७१.

"आणि आपला पाऊस १०८ टक्के," बाबा म्हणाले. "अंदाजापेक्षा जास्तच. मामाचं सोयाबीन पाण्यात गेलं."

मी काय बोलणार. थोड्या वेळाने त्यांनीच विचारलं, "त्या म्हाताऱ्यानं ७६ लिहिलं होतं ना रे?"

"हो."

"मग तोच जवळ. पोरगी चिडली असेल."