वाट कुणी द्यायची: सुकाणूवरचा माझा अनुभव

दुसरी बोट दिसली की वाट कुणाची, हे मी नंतर बघतो. आधी टक्कर होईल का, ते. हातातलं होकायंत्र तिच्यावर धरायचं, दिशेचा अंशांतला आकडा मोठ्यानं म्हणायचा, मिनिटभरानं पुन्हा. ०४०, ०४१, परत ०४० असं येत राहिलं आणि बोट मोठी दिसू लागली, तर दोघं एकाच जागी पोचणार. जहाज अजस्र असेल किंवा बोट अगदी जवळ असेल, तर आकडा बदलत असूनही धोका असतो.

मग समुद्रातली टक्कर टाळण्याचे १९७२ चे आंतरराष्ट्रीय नियम. इंजिनाच्या दोन बोटी समोरासमोर आल्या तर दोघींनी उजवीकडे वळायचं. आडव्या येत असतील तर जिच्या उजव्या हाताला दुसरी, तिनं वाट द्यायची, आणि होता होईल तो पुढून जायचं नाही. रात्री उजवीकडून येणारीचा लाल, म्हणजे तिच्या डाव्या बाजूचा दिवा दिसला, की वाट मी द्यायची. मागून गाठणारीनं बाजूनंच जायचं, शिडाची असली तरी. इंजिनाची बोट शिडाच्या बोटीला वाट देते. पण शीड उभारलेलं असताना इंजिनानं बोट पुढे ढकलली, की तुम्ही इंजिनाची बोट. ही चूक फार होते. अरुंद मार्गात तर २० मीटरहून लहान बोटीनं त्या मार्गातच चालू शकणाऱ्या जहाजाला अडवायचंच नाही.

खरी गडबड वळताना होते. पाच-पाच अंश वळलं तर समोरच्याला पत्ताच लागत नाही. मी लवकर वळतो आणि एकदम वळतो, निदान ३० अंश. रात्री माझा उजव्या बाजूचा हिरवा दिवा जाऊन त्याला लाल दिसेपर्यंत. सोबत एक आखूड भोंगा, साधारण एक सेकंदाचा, म्हणजे उजवीकडे वळतोय. दोन म्हणजे डावीकडे, तीन म्हणजे इंजिन उलटं फिरतंय.

जिला वाट मिळायची, तिनं दिशा आणि वेग कायम ठेवायचा. हेही कर्तव्यच आहे. समोरचा वाट देत नसेल तर पाच आखूड भोंगे, मग स्वतः बाजूला व्हा. मात्र डावीकडून येणाऱ्या बोटीसाठी शक्यतो डावीकडे वळू नका. ती ऐनवेळी उजवीकडे वळली, तर दोघी एकमेकींवरच जातील.

धुक्यात एकमेकींना न दिसणाऱ्या बोटींना यातलं वाट देणं-घेणं लागूच नाही. चालत्या इंजिनाच्या बोटीनं जास्तीत जास्त दोन मिनिटांच्या अंतरानं एक लांब भोंगा द्यायचा. पुढून भोंगा ऐकू आला, तर सुकाणू ऐकेल इतकाच वेग ठेवायचा.