जिंकून वर जाता येत नाही

पुणे जिल्हा फुटबॉल संघटनेच्या लीगमध्ये खालच्या डिव्हिजनचा संघ जिंकत राहिला की वरच्या डिव्हिजनमध्ये जातो. रणजीतही प्लेट गटातून एलिट गटात जायचं ते खेळूनच. हा हिशेब डोक्यात ठेवून अमेरिकेतलं कॉलेज फुटबॉल (हेल्मेट घालून खेळतात ते) पाहायला बसलात तर गोंधळ उडतो. तिथे वरची पातळी एफबीएस आणि खालची एफसीएस. १९७८ साली ही विभागणी झाली, आताची नावं २००६ पासूनची. नॉर्थ डकोटा स्टेट विद्यापीठाने २०११ ते २०२४ या हंगामांत खालच्या पातळीची दहा विजेतेपदं मिळवली. त्यांतल्या एकानेही त्यांना वरची जागा आपोआप मिळवून दिली नाही.

वर जायला आधी आमंत्रण लागतं, आणि ते वरच्या पातळीवर असलेल्या एखाद्या कॉन्फरन्सकडूनच यावं लागतं. कॉन्फरन्स म्हणजे एकमेकांशी नियमित सामने खेळणाऱ्या विद्यापीठांचा गट. सॅक्रामेंटो स्टेटने २०२५ मध्ये आमंत्रणाशिवाय, स्वतंत्र संघ म्हणून वर येऊ द्या अशी विनंती केली; एनसीएए या कॉलेज खेळांच्या नियामक संस्थेने ती नाकारली. आमंत्रण मिळालं की फी भरायची. पूर्वी ती ५ हजार डॉलर होती, ऑक्टोबर २०२३ मध्ये थेट ५० लाख डॉलर झाली. तेव्हाच्याच नव्या नियमांनुसार किमान १६ खेळ, वर्षाला २१० शिष्यवृत्त्या आणि त्यांवर किमान ६० लाख डॉलर खर्च, एवढं दाखवावं लागतं.

खरी कळ शिष्यवृत्त्यांत आहे. २०२५ पर्यंतच्या हिशेबात खालच्या पातळीला फुटबॉलसाठी ६३ शिष्यवृत्त्यांची मर्यादा होती आणि त्या तुकडे करून वाटता येत. वरच्या पातळीला ८५, आणि प्रत्येक पूर्ण. म्हणजे २२ ची वाढ. पण १९७२ च्या टायटल नाइन कायद्यामुळे मुलींच्या खेळांनाही प्रमाणात मदत द्यावी लागते. फुटबॉलच्या नावाने सुरू झालेला खर्च मग सगळ्या क्रीडा विभागाभर पसरतो. अंदाजपत्रक मांडताना नेमकं हेच नजरेतून सुटतं.

शिवाय संक्रमणाची दोन वर्षं. पहिल्या वर्षी खालची बाद फेरी बंद, दुसऱ्या वर्षी वरच्या बोल सामन्यांचं (हंगामानंतर निवडक संघांत होणाऱ्या लढतींचं) दार बंद. जेम्स मॅडिसनने २०२२ मध्ये सन बेल्ट या वरच्या पातळीच्या कॉन्फरन्समध्ये पहिल्याच हंगामात आठ सामने जिंकले, तरी त्यांना कॉन्फरन्सच्या अंतिम सामन्यात खेळू दिलं नाही. मैदानावर घाम गाळलेल्या मुलांवर हा अन्याय आहे असं मला ठामपणे वाटतं. पुढच्या वर्षी बोलसाठी पात्र संघ कमी पडले म्हणून त्यांचा नंबर लागला.

एक विद्यापीठ वर जातं, मग अख्खी कॉन्फरन्सच का जात नाही? वरच्या पातळीच्या कॉन्फरन्सला किमान आठ पूर्ण सदस्य लागतात, आणि वरच्या सगळ्या अटी प्रत्येकाने पाळायच्या. आठांपैकी तिघांकडे पैसा असतो, दोघे कुंपणावर, बाकीच्यांना जायचंच नसतं. तोवर शेजारची कॉन्फरन्स त्या तिघांना उचलून नेते. डब्ल्यूएसी आणि ए-सन या खालच्या पातळीच्या दोन कॉन्फरन्सनी एकत्र येऊन युनायटेड ॲथलेटिक कॉन्फरन्स केली ती वर जाण्याच्या उद्देशानेच. पण २०२३ मध्ये डब्ल्यूएसीतून सॅम ह्यूस्टन, ए-सनमधून जॅक्सनव्हिल स्टेट, आणि २०२४ मध्ये केनेसॉ स्टेट, असे तिघे वरच्या पातळीच्या कॉन्फरन्स यूएसएत गेले. ज्यांच्या जोरावर चढायचं तेच आधी निघून जातात.

एकट्याने गेलेल्यांना अंतर भोगावं लागतं. डेलावेअर २०२५ पासून ज्या कॉन्फरन्समध्ये आहे, तिच्यात न्यू मेक्सिको स्टेटही आहे. दोघांमधलं अंतर पुणे-गुवाहाटीपेक्षा जास्त, आणि प्रवास फक्त फुटबॉल संघाचा नसतो. व्हॉलीबॉलच्या मुलींनाही तेवढंच उडावं लागतं. आयडाहोचं फुटबॉलपुरतं सदस्यत्व सन बेल्टने पुढे चालू ठेवलं नाही आणि २०१८ मध्ये ते खाली परतले.

पुण्यातून एमएसला मुलं पाठवणाऱ्या पालकांनी याकडे एका कारणाने लक्ष द्यावं. मधल्या फळीतली बरीच विद्यापीठं क्रीडा विभागाचा मोठा खर्च विद्यार्थ्यांच्या फीतून भागवतात. प्रवेशपत्र आलं की ट्यूशनच्या आकड्यावर थांबू नका. सक्तीच्या फीचा तक्ता उघडा, त्यात ॲथलेटिक्स फीची ओळ वेगळी आहे का, ती प्रत्येक सेमिस्टरला आहे की क्रेडिटमागे, आणि पदव्युत्तर विद्यार्थ्यांना लागू आहे का, हे विद्यापीठाला ईमेलने विचारून लेखी उत्तर घ्या.