जिप्सम आणि मेटल सीलिंगच्या मधली ती रेघ

तीन वेळा भरलेली भेग चौथ्यांदा उघडली, तेव्हा मी खूप वेळ शिडीवरच बसून राहिलो. मध्ये मेटलच्या टाइल्स आणि चारी बाजूंनी जिप्सम बोर्डाचा पट्टा, एवढंच काम होतं. स्लॅबला हँगर (सीलिंग लटकवायचे आधार) मारणं, सेक्शन (सांगाड्याच्या धातूच्या पट्ट्या) लावणं, बोर्ड चढवणं, यातलं काहीच अडलं नाही. अडलं ते दोन्ही सीलिंग जिथे भेटतात तिथे.

कारागीर म्हणाला, "पुट्टी भरतो, टेप मारतो, सांधा कळणारही नाही." मी मान डोलावली, आणि तेच चुकलं. बोर्डाची कड थेट मेटलच्या अँगलला, म्हणजे कडेच्या काटकोनी पट्टीला, भिडवली. वर कागदी टेप आणि जॉइंटिंग कंपाउंडचे (सांधा भरायच्या पुट्टीचे) तीन हात. एक हात वाळेपर्यंत थांबा, घासा, पुन्हा हात द्या. रंग लागला, आठवडाभर छान दिसलं, मग केसासारखी रेघ उमटली. पुन्हा भरली, पुन्हा उमटली. दर वेळी कंपाउंडला दोष दिला गेला, आणि वाळायची वाट पाहण्यात माझे दिवस गेले.

कंपाउंडचा काही दोष नव्हता. सहा मीटर लांबीचा ॲल्युमिनियमचा सेक्शन तापमान दहा अंशांनी बदललं तर जवळजवळ दीड मिलिमीटर लांब होतो. जिप्सम तेवढं सरकत नाही. त्यात आमची ग्रिड, म्हणजे मेटलच्या टाइल्स धरणारी चौकट, जिप्समच्याच सांगाड्याला स्क्रूने आवळलेली. वायरिंगसाठी कुणी टाइल उचलली की धक्का थेट सांध्याला. अशा ठिकाणी टेप टिकणार कशी?

शेवटी जिप्समची कड मागे कापली. कापलेल्या कडेला धातूचं एज बीड (कड झाकणारी पट्टी) लावून ती सरळ केली आणि मेटलपासून दहा मिलिमीटर मोकळी फट ठेवली. फटीमागे काळी पट्टी, तीही फक्त जिप्समच्या बाजूला पक्की केलेली. मेटलच्या कडेच्या चॅनेलला स्लॅबपासून वेगळे हँगर दिले. आता तिथे एकसारखी काळी रेघ दिसते, मुद्दाम आखल्यासारखी. दोन्हीकडच्या लेव्हलमध्ये मिलिमीटरभर फरक राहिला असेल तर तोही त्या सावलीत जातो. भिडवलेल्या सांध्यात तो खिडकीच्या तिरप्या उजेडात लगेच दिसायचा. ती रेघ पाहून मला अजूनही समाधान वाटतं.

हे खरं तर आधी सांगायला हवं होतं: जिप्समचं घासकाम आणि रंग पूर्ण झाल्याशिवाय मेटलच्या टाइल्स चढवू देऊ नका. टाइलच्या पावडर कोटिंगवरचा (भट्टीत पक्क्या केलेल्या रंगावरचा) ओरखडा झाकता येत नाही, आणि घासकामाची धूळ टाइलच्या भोकांत बसते. टाइल्स हातमोजे घालूनच हाताळायला सांगा.

आणि मेटलच्या टाइल्ससाठी मध्ये सोडायचा मोकळा चौकोन बोर्ड चढवण्याआधीच टाइलच्या मापाच्या, म्हणजे ६०० मिलिमीटरच्या पटीत बसवा, दोन्ही बाजूंची फट त्यात धरून. आमचा बसला नव्हता, म्हणून एका कडेला चार बोटांच्या कापलेल्या टाइल्सची रांग आली आहे. ती तशीच राहिली.