टीबी बरा झाला, मग खोकल्यातून रक्त का?

अ‍ॅस्परजिलस बुरशीचे २-३ मायक्रॉनचे बीजाणू आपण सगळेच रोज श्वासावाटे घेतो आणि फुफ्फुसातल्या पेशी ते गिळून टाकतात. टीबीने पोकळी पाडली असेल तर मात्र त्यांना आयतं घर मिळतं. तिथे बुरशी वाढली की खोकल्यातून रक्त येऊ शकतं. सीटीत बुरशीचा गोळा दिसतो. रुग्णाने कूस बदलली की बऱ्याचदा तोही घरंगळतो.

पण पोकळी असलेल्या प्रत्येकाला हे होत नाही. काहींच्या पेशी गॅमा इंटरफेरॉन (प्रतिकारशक्तीला चालना देणारं प्रथिन) कमी बनवतात, काहींच्या टीएलआर-४ (जंतू ओळखायला मदत करणाऱ्या) जनुकात फरक सापडतो. एकच दोषी जनुक शोधण्यात अर्थ नाही.

तीन महिने खोकला, वजनात घट, थुंकीत टीबी नाही? पुन्हा टीबीची औषधं सुरू करण्याआधी रक्तात अ‍ॅस्परजिलस आयजीजी (या बुरशीविरुद्धची प्रतिपिंडं) तपासावं. बुरशी निघाली तर इट्राकोनॅझोल हे बुरशीविरोधी औषध निदान ६ महिने लागतं. सोबत रिफाम्पिसिन हे टीबीचं औषध असेल तर रक्तात इट्राकोनॅझोलची पातळीच टिकत नाही.