टोपलीखालचे चिंचोके

साक्री तालुक्यातल्या एका गावात युवा गटाची बैठक होती. वय 16 ते 24, मुलं-मुली मिळून वीसेक जण. मुलांनी मागणी ठरवूनच आणली होती: ग्रामपंचायतीकडून व्यायामशाळेचं साहित्य. मुली कडेला गप्प बसलेल्या. अशा वेळी त्यांना मत विचारलं की "तेच ठीक आहे" एवढंच ऐकायला मिळतं. म्हणून चर्चा थांबवून मी गावनकाशा काढायला लावला.

कागद मुद्दाम दिला नाही. कागद आला की पेन एकाच्या हातात जातो आणि बाकीचे बघत बसतात. जमिनीवर सगळ्यांचे हात चालतात, चुकलेली रेघ पुसता येते. रांगोळी, कोळसा, विटांचे तुकडे, निंबाचा पाला एवढं सामान. मुलांचा नकाशा शाळेपुढे, मुलींचा शाळेमागे. मारुतीच्या देवळापासून सुरुवात करा, एवढं सांगून मी बाजूला झालो. कार्यकर्ता वाकून रेघा दाखवू लागला की नकाशा त्याचाच होतो.

पाऊण तासाने सगळ्यांना दोन्हीकडे फिरवलं. मुलांनी मैदान, टपरी, एसटीचा थांबा काढला होता. मुलींच्या नकाशात थांब्यापासून गावापर्यंत कोळशाचा जाड पट्टा होता. एकाने विचारलं, हे काय? अकरावीतली एक मुलगी म्हणाली, "तठे अंधार ऱ्हास." म्हणजे तिथे अंधार असतो. हिवाळ्यात कॉलेजची गाडी येते तेव्हा दिवस मावळलेला असतो आणि त्या वाटेवरच्या एकाही खांबावर दिवा नाही. मुलं मोटारसायकलने येतात, त्यांना ही वाट कधी पायी चालावीच लागली नव्हती.

मग आवाज चढले. मी मिटवायला गेलो नाही. ब्रूस टकमन यांनी 1965 मध्ये गटाचे टप्पे मांडले, त्यात खटके उडण्याचा टप्पा दुसराच आहे. तो दाबला की गट वरवर शांत दिसतो आणि पुढच्या बैठकीला निम्मे येत नाहीत.

निवड हात वर करून घेतली नाही, कारण हात वर करताना सगळे म्होरक्याकडे बघतात. प्रत्येकाला दहा चिंचोके दिले, प्रत्येक मागणीची टोपली उपडी ठेवली आणि एकेकाला आत सोडलं. दिव्यांच्या टोपलीखाली सर्वांत मोठा ढीग निघाला. त्यात मुलांचेही चिंचोके होते, नाहीतर एवढा ढीग झालाच नसता.

2 ऑक्टोबरच्या ग्रामसभेसाठी अर्ज लगेच लिहून घेतला. "अंधार असतो" असं मोघम नाही. कुणाच्या घरापासून कुठवर, खांब किती, गाडी किती वाजता, सगळं. गणपूर्तीला मतदारांच्या 15 टक्के किंवा 100, यातली कमी असेल तेवढी माणसं लागतात, म्हणून गल्ल्या वाटून घेतल्या. अठराच्या आतली मुलं ग्रामसभेची सदस्य नसतात, तेव्हा सूचक आणि अनुमोदक मोठ्यांतून शोधले. सर्वसाधारण सभेआधी महिलांची ग्रामसभा होते. विषय आधी तिथे न्यायचं मुलींनीच ठरवलं. अर्जाच्या दुसऱ्या प्रतीवर शिक्का, तारीख आणि आवक क्रमांक घ्या, हे मात्र मी पुन्हा पुन्हा बजावलं. पोच हातात नसली तर विषय पत्रिकेवर का आला नाही, हे विचारायला जागाच उरत नाही.